सागरी कायदा शिकायला परदेशी, शिष्यवृत्तीवर: आधी प्रश्न, मग विद्यापीठ, मग पैसा

सागरी कायदा शिकायला परदेशी जायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्याच संध्याकाळी शिष्यवृत्त्यांची यादी उघडून बसतात. अंतिम तारीख जवळ आलेली एखादी सापडते, मग तिला जुळणारं विद्यापीठ शोधलं जातं, आणि 'हाच विषय का?' या रकान्यात काय लिहायचं ते सगळ्यात शेवटी ठरतं. अर्ज बहुधा त्या रकान्यातच पडतो. या क्षेत्रातल्या शिष्यवृत्त्या हुशारीचं बक्षीस म्हणून फारशा दिल्या जात नाहीत. पैसे देणाऱ्याला एखाद्या बंदरात, मंत्रालयात, न्यायालयात किंवा जहाज कंपनीत अडून राहिलेलं काम पुढे सरकलेलं हवं असतं. म्हणून क्रम उलटा लावावा. आधी स्वतःचा प्रश्न ठरवायचा, मग तो प्रश्न जिथे नीट शिकवतात ती जागा, आणि त्यानंतर पैसा.

शिकायचंय नेमकं काय?

या एका नावाखाली दोन वेगवेगळी घराणी राहतात. पहिलं जहाज-व्यापाराचं: चार्टरपार्टी (जहाज भाड्याने घेण्याचा करार), बिल ऑफ लेडिंग (जहाजावर चढवलेल्या मालाची पावती), सागरी विमा, टक्कर, साल्व्हेज (संकटातलं जहाज किंवा माल वाचवणं), जनरल अ‍ॅव्हरेज (सगळ्यांना वाचवण्यासाठी मुद्दाम सोसलेल्या नुकसानीची वाटणी), जहाज अरेस्ट करणं (दाव्यासाठी न्यायालयाच्या हुकमाने अडकवणं), मालकाच्या दायित्वाची मर्यादा. इथले पक्षकार म्हणजे जहाजमालक, माल पाठवणारे, विमा कंपन्या आणि पी अँड आय क्लब, म्हणजे जहाजमालकांनी मिळून चालवलेले परस्पर विमा-संघ. या व्यवसायातले लोक त्याचेही दोन भाग पाडतात. करारांची आणि मालाची भांडणं 'ड्राय', अपघात, टक्कर आणि साल्व्हेज 'वेट'.

दुसरं घराणं देशादेशांमधल्या समुद्राच्या कायद्याचं. त्याचा पाया म्हणजे १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा समुद्रविषयक करार, जो १६ नोव्हेंबर १९९४ रोजी अमलात आला. १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र, २०० मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्र, भूखंडमंचाच्या (किनाऱ्याला लागून पसरलेल्या समुद्रतळाच्या) हद्दी, खोल समुद्रतळाचं खाणकाम, मासेमारीचे हक्क हे सगळं इथे येतं. हँबर्गचं आंतरराष्ट्रीय समुद्र कायदा न्यायाधिकरण आणि जमैकातल्या किंग्स्टनचं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण याच करारातून जन्मले.

या दोन्हींच्या मधे एक पट्टा आहे, आणि शिष्यवृत्त्यांचा बराच पैसा तिथेच आहे. लंडनमध्ये मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे, म्हणजे आयएमओचे, करार या पट्ट्यात येतात. जहाजांच्या सुरक्षेसाठी सोलास, प्रदूषणासाठी मार्पोल, खलाशांच्या प्रशिक्षणासाठी एसटीसीडब्ल्यू, बुडालेली जहाजं हटवण्यासाठी २००७ चा नैरोबी करार, जहाजतोडणीसाठी २००९ चा हाँगकाँग करार. हा शेवटचा अमलात यायला जून २०२५ उजाडलं. करारावर सही करणं सोपं असतं. तो देशाच्या कायद्यात उतरवायला मसुदा लिहिणारी माणसं लागतात आणि ती सगळीकडेच कमी पडतात.

आपला ओढा कुठे आहे हे कळत नसेल तर दोन निकाल मुळातून वाचा. पहिला 'सायगा' प्रकरणाचा. गिनीच्या किनाऱ्यालगत मासेमारी नौकांना इंधन पुरवणारं हे टँकर १९९७ मध्ये पकडलं गेलं, आणि हँबर्गच्या न्यायाधिकरणापुढे आलेला तो पहिलाच खटला. दुसरा 'ओशन व्हिक्टरी'चा, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिलेला. २००६ मध्ये जपानच्या काशिमा बंदरातून वादळात बाहेर पडताना एक मोठं मालवाहू जहाज नष्ट झालं, आणि ते बंदर कराराच्या अर्थाने 'सुरक्षित' होतं का, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. दोन्ही निकाल इंटरनेटवर फुकट मिळतात. ज्याची पानं उलटताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, ते तुमचं घराणं. दोन्हींनी झोप आली असेल तर एवढा खटाटोप करण्याआधी पुन्हा विचार करायला हरकत नाही.

जागा कोणत्या

सरकारी धोरण, मसुदालेखन आणि करारांची अंमलबजावणी हे ज्याचं क्षेत्र, त्याने पहिल्यांदा माल्टाकडे पाहावं. तिथली आयएमओ आंतरराष्ट्रीय सागरी कायदा संस्था, आयएमएलआय, १९८८ मध्ये स्थापन झाली. तिचा एलएलएम, म्हणजे कायद्याचा पदव्युत्तर, अभ्यासक्रम एका शैक्षणिक वर्षाचा आहे. प्रबंधाबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याला एखादा आंतरराष्ट्रीय करार आपल्या देशाच्या कायद्यात आणणारा मसुदा लिहावा लागतो, हे तिचं खरं वैशिष्ट्य. घरी परतताना हातात पदवीसोबत वापरता येईल असा कागद असतो. कायद्याची पदवी नसलेल्यांसाठी तिथे वेगळा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. अर्ध्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवायचं धोरण ही संस्था पाळते, ही गोष्ट बऱ्याच मुलींच्या कानावरच आलेली नसते.

स्वीडनमधल्या माल्मोचं जागतिक सागरी विद्यापीठ हे आयएमओचंच १९८३ चं अपत्य. तिथला एमएससी १४ महिन्यांचा आहे आणि त्यात सागरी कायदा व धोरण अशी शाखा आहे. तुम्ही जहाजावरून उतरलेले अधिकारी असाल, बंदर प्रशासनात किंवा सागरी प्रशासनात असाल आणि कायद्याची पदवी नसेल, तर हा रस्ता एलएलएमपेक्षा सरळ पडतो.

जहाज-व्यापाराच्या वकिलीकडे जायचं असेल तर इंग्लंडला पर्याय शोधणं कठीण. जगभरातल्या चार्टरपार्ट्यांमध्ये इंग्लिश कायदा आणि लंडनमधली लवाद-व्यवस्था लिहिलेली आढळते, साल्व्हेजचा प्रसिद्ध करारनमुना 'लॉइड्स ओपन फॉर्म' तिथलाच, आणि बरेच मोठे पी अँड आय क्लबही त्याच शहराभोवती गोळा झालेले. साउदम्प्टनची सागरी कायदा संस्था १९८२ पासून आहे. स्वान्सीला नौवहन आणि व्यापार कायद्याची स्वतंत्र संस्था आहे (वेल्समध्ये आहे, तरी शिकवतात इंग्लिश कायदाच). लंडनच्या सिटी सेंट जॉर्जेस विद्यापीठातही हा एलएलएम चालतो. पूर्वेला सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने २०१५ मध्ये सागरी कायद्याचं केंद्र काढलं, आणि लवादाचं ठिकाण म्हणून सिंगापूरचं वजन वाढत चाललंय. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाचा सागरी दाव्यांच्या कायद्याचा, म्हणजे अ‍ॅडमिरल्टीचा एलएलएम नावाजलेला आहे. मात्र अमेरिकन अ‍ॅडमिरल्टी कायद्याचं वळण बरंच वेगळं आहे. तिथे किंवा तिथल्या कंपन्यांसाठी काम करायचं नसेल, तर तेवढ्यासाठी तो निवडू नये.

शुद्ध समुद्र कायद्यासाठी नॉर्वेतलं ट्रोम्सो आणि नेदरलँड्समधलं उत्रेख्त ही दोन नावं लिहून ठेवा. ऑस्लोची स्कॅन्डिनेव्हियन सागरी कायदा संस्था जुनी आणि दमदार आहे. फक्त 'नॉर्वेत शिक्षण फुकट' हे जुनं वाक्य अजून कित्येक पानांवर पडून आहे. २०२३ च्या शरद सत्रापासून तिथल्या सरकारी विद्यापीठांमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क भरावं लागतं.

पैसा कोणत्या वाटेने येतो

पहिली वाट संस्थेला जोडलेल्या शिष्यवृत्त्यांची. आयएमएलआय आणि माल्मो या दोन्ही ठिकाणी जपानच्या निप्पॉन फाउंडेशनसारखे देणगीदार विद्यार्थ्यांचा खर्च उचलतात. इथे एक गोष्ट अनेकांच्या उशिरा लक्षात येते. निवडीत नामांकनाला फार महत्त्व असतं. तुमचं मंत्रालय, सागरी प्रशासन, बंदर, तटरक्षक दल किंवा विद्यापीठ तुमचं नाव पुढे करतं, आणि परत आल्यावर तुमचं काम काय असेल तेही सांगतं. नोकरीत असाल तर अर्जाच्या कितीतरी आधी वरिष्ठांशी बोलणं गरजेचं आहे, कारण कार्यालयातली एक सही मिळायला कधीकधी अख्खा हंगाम जातो. खाजगी वकिली करणाऱ्याने एखाद्या सरकारी समितीला किंवा खलाशी-संघटनेला केलेली मदत, शिकवलेला एखादा अभ्यासक्रम असं काहीतरी आधीच उभं करावं, म्हणजे नाव पुढे करायला कोणीतरी असेल.

दुसरी वाट यजमान देशांच्या सर्वसाधारण शिष्यवृत्त्यांची. ब्रिटनची चेव्हनिंग हे तिचं चांगलं उदाहरण. ती एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं शुल्क, निर्वाह भत्ता आणि प्रवास देते, पण अर्जापूर्वी साधारण दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा, कामाचा अनुभव मागते आणि शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट घालते. तीन अभ्यासक्रम निवडावे लागतात. तिन्ही सागरी कायद्याचेच ठेवा. एक सागरी, एक मानवी हक्क आणि एक व्यवस्थापन असं लिहिणाऱ्याला स्वतःलाच काय हवंय ते माहीत नाही, असा अर्थ निघतो. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, फुलब्राइट, ऑस्ट्रेलिया अवॉर्ड्स यांच्या अटी अर्जदाराच्या देशानुसार बदलतात. त्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आणि त्याच वर्षीच्या वाचाव्यात.

तिसरी वाट विद्यापीठांच्या शुल्क-सवलतींची. ही रक्कम बहुतेक वेळा अपुरी असते. पण ती मिळाल्याचं पत्र दुसऱ्या देणगीदाराकडे नेता येतं, आणि 'निम्मी व्यवस्था झाली आहे, उरलेली हवी आहे' ही मागणी कोऱ्या हाताने केलेल्या मागणीपेक्षा लवकर ऐकली जाते.

पदवी नको, संशोधन हवं असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या दोन फेलोशिप आहेत: १९८१ मध्ये स्थापन झालेली हॅमिल्टन शर्ली अमेरसिंघे स्मृती फेलोशिप आणि निप्पॉन फाउंडेशनसोबतची फेलोशिप. दुसरी मुख्यत्वे सरकारी काम करणाऱ्या मधल्या फळीतल्या लोकांसाठी आहे. हँबर्गच्या न्यायाधिकरणात इंटर्नशिप असते, तिथेच समुद्र कायद्याची उन्हाळी अकादमी भरते, ग्रीसमध्ये ऱ्होड्स अकादमी आहे. हे छोटे कार्यक्रम एलएलएमच्या आधी केले तर पुढच्या अर्जाला चांगलं बळ देतात.

वर्षभराचं वेळापत्रक

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू होणार असतील तर त्याआधीच्या वर्षीच्या एप्रिल-मेपासून कामाला लागा. पहिले तीन महिने वाचन, प्रश्न ठरवणं आणि नामांकनाची बोलणी. भाषेची परीक्षा जुलैच्या आसपास उरका. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, तेव्हा घाई करून नुकसान नाही. कायद्याच्या अभ्यासक्रमांना साधारण ६.५ ते ७ ची सरासरी लागते, आणि अनेकदा लेखनाच्या भागाला वेगळी किमान पातळी असते. लोक अडखळतात ते तिथेच. चेव्हनिंग ऑगस्टमध्ये उघडते आणि शरद ऋतूत बंद होते. विद्यापीठांचे अर्ज त्याच सुमाराला भरावेत. शिष्यवृत्ती मिळाल्यावर प्रवेश पाहू असं म्हणणाऱ्यांची उन्हाळ्यात धावपळ होते, कारण चेव्हनिंगला ठरावीक तारखेपर्यंत विनाअट प्रवेशपत्र हातात लागतं.

उद्देशपत्र: सगळा खेळ इथे

निवड समितीपुढच्या गठ्ठ्यात 'मला समुद्राची ओढ लहानपणापासून आहे' आणि 'जगाचा बहुतांश व्यापार समुद्रमार्गे होतो' ही दोन वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. पहिलं तपासता येत नाही, दुसरं समितीला माहीत असतं. दोन्ही काढून टाका.

त्याऐवजी एक प्रश्न घ्या आणि त्याचे सांधे दाखवा. समजा, तुमचा विषय सोडून दिलेली जहाजं हा आहे. मालकाने हात वर केले, खलाशी बिनपगारी जहाजावरच अडकले, ज्या देशाचा झेंडा आहे तो देश उत्तर देत नाही. २००६ च्या सागरी कामगार कराराला २०१४ मध्ये झालेली आणि जानेवारी २०१७ पासून लागू असलेली दुरुस्ती सांगते की मालकाने आर्थिक हमी ठेवलीच पाहिजे. त्या हमीतून घरी परतण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार निघायला हवा. मग प्रश्न उरतो कुठे? हमीची मुदत संपलेली असेल तर बंदराने काय करायचं? जहाज अरेस्ट करून विकलं तर पैशावर आधी हक्क कोणाचा, खलाशांच्या पगाराचा, बंदराच्या थकबाकीचा की गहाण ठेवून घेणाऱ्या बँकेचा? खलाशाला एकटं जहाजावर ठेवून न्यायालय त्याला राखणदार नेमतं तेव्हा त्याच्या स्वातंत्र्याचं काय? या तीन प्रश्नांपैकी एकावर तुमच्या देशात कायदा कुठे गप्प आहे, ते एका परिच्छेदात लिहा. पुढच्या परिच्छेदात, या विद्यापीठातला नेमका कोणता पेपर ती जागा भरायला मदत करेल ते लिहा. तिसऱ्यात परतल्यावर कोणत्या टेबलावर बसून काय कराल ते. पत्राला याहून वेगळ्या सांगाड्याची गरज नाही.

प्राध्यापकांची नावं ओतण्याचा मोह टाळा. एखाद्याचा लेख खरोखर वाचला असेल आणि त्यातला एखादा मुद्दा तुम्हाला पटला नसेल, तर तो मतभेद दोन वाक्यांत सभ्यपणे लिहा. त्याचा परिणाम दहा नावांपेक्षा जास्त होतो.

ताज्या घडामोडी माहीत असाव्यात, पण अर्जात त्या सजावटीसाठी आणू नयेत. हँबर्गच्या न्यायाधिकरणाने मे २०२४ मध्ये हवामानबदलाबद्दल सल्लादायी मत देऊन हरितगृह वायूंचं उत्सर्जन समुद्राच्या प्रदूषणात धरलं. राष्ट्रीय हद्दींपलीकडच्या सागरी जैवविविधतेचा करार २०२३ मध्ये संमत झाला आणि जानेवारी २०२६ मध्ये अमलात आला. जहाजांच्या न्यायालयीन विक्रीला परदेशात मान्यता देणारा संयुक्त राष्ट्रांचा करार २०२२ चा. वर घेतलेल्या उदाहरणात यातला शेवटचा थेट बसतो, पहिले दोन बसत नाहीत. म्हणून ते तिथे येऊ नयेत.

शिफारसपत्रं

मोठ्या पदावरच्या, पण तुम्हाला ओळखत नसलेल्या माणसापेक्षा तुमचं काम जवळून पाहिलेला माणूस निवडा. त्याला उद्देशपत्राचा मसुदा, गुणपत्रिका आणि तुम्ही केलेल्या दोन-तीन कामांचं टिपण द्या. एक पत्र शैक्षणिक, एक कामावरचं असं ठेवावं. पत्र स्वतः लिहून फक्त सहीला पाठवू नका. दोन्ही पत्रांची भाषा एकच निघते आणि वाचणाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येतं.

मुलाखत

कायद्याची उजळणी घेणारे प्रश्न कमी येतात. जास्त येतात ते असे: हा पैसा खलाशांच्या प्रशिक्षणाला न देता तुम्हाला का द्यावा? तुमच्या वरिष्ठांनी तुमचा मसुदा बाजूला ठेवला तर काय कराल? परत का याल? शेवटच्या प्रश्नाला देशप्रेमाचं उत्तर देऊ नका, पदाचं द्या. रजा मंजूर आहे, जागा राखून ठेवली आहे, अमुक समितीचं काम थांबलं आहे, असं. आणि स्वतःच्या विषयातला करार मूळ कलमांसकट माहीत असायलाच हवा. खोल समुद्रतळाबद्दल अर्ज करून कराराचा अकरावा भाग न वाचता गेलेला उमेदवार दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

निवड झाल्यावरचा हिशोब

'पूर्ण' शिष्यवृत्ती म्हणजे काय ते पत्रात ओळ न् ओळ तपासा. शुल्क, निवास, भत्ता, विमानभाडं, व्हिसा, आरोग्य विमा, पुस्तकं आणि प्रबंधासाठीचा प्रवास यातलं काय आत आहे आणि काय नाही? ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांसाठीचा आरोग्य अधिभार २०२४ पासून वर्षाला ७७६ पाउंड आहे. तो शिष्यवृत्तीत नसेल तर व्हिसाच्या अर्जासोबत एकरकमी भरावा लागतो. स्वखर्चाचा भाग असेल तर लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस दिसावी लागते, एक दिवस कमी पडला तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. पहिला भत्ता हातात पडायला पोहोचल्यानंतर काही आठवडे लागू शकतात, तेवढ्यापुरती उसनवारी आधीच करून ठेवा. कुटुंब सोबत न्यायचं असेल तर ते व्हिसाच्या नियमांत बसतं का हे वेगळं पाहा. ब्रिटनने २०२४ च्या सुरुवातीपासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनाच्या नव्हे) पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना आश्रित आणायची मुभा बहुतांशी बंद केली, मात्र सरकारी शिष्यवृत्तीवर येणाऱ्यांसाठी अपवाद ठेवला.

परतीच्या अटीचा, आणि नोकरीच्या ठिकाणी लिहून दिलेल्या बाँडचा, कागद सही करण्याआधी पूर्ण वाचा. दोन्हींच्या मुदती एकमेकींत मोजल्या जातात की एकापाठोपाठ, हे लेखी विचारून घ्या.

तिथे पोहोचल्यावर

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला शेकडो पानं वाचायची सवय करावी लागते. इंग्लिश कायद्याची पार्श्वभूमी नसेल तर कराराच्या कायद्याचं एखादं प्राथमिक पुस्तक निघण्यापूर्वीच संपवा, नाहीतर चार्टरपार्टीचा पेपर डोक्यावरून जातो. प्रबंधाचा विषय तुमच्या उद्देशपत्रातच दडलेला असतो, त्यामुळे मार्गदर्शकाकडे पहिल्या सत्रातच जा. मर्डॉक विद्यापीठाने २००० मध्ये सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा लवाद मूट (लुटुपुटुच्या खटल्यांच्या) स्पर्धेत तुमचं विद्यापीठ उतरत असेल तर संघात शिरायचा प्रयत्न करा. त्या निमित्ताने लवाद आणि वकिली कार्यालयांमधली जी माणसं भेटतात, ती वर्गात भेटत नाहीत.

आणि हे निघण्यापूर्वीच समजून घ्या: एलएलएम मिळाल्याने त्या देशात वकिली करता येत नाही. त्यासाठी तिथल्या पात्रता परीक्षा वेगळ्या असतात, आणि शिष्यवृत्तीची परतीची अट बहुधा त्यांच्या आड येते. मात्र पी अँड आय क्लबमध्ये दावे हाताळणं, जहाज कंपनीच्या कायदा विभागात किंवा सागरी प्रशासनात काम करणं यासाठी तिथला परवाना सहसा लागत नाही. अशा नोकऱ्यांच्या जाहिराती अभ्यासक्रम संपायच्या बऱ्याच आधी येतात, म्हणून नाताळच्या सुट्टीतच स्वतःची माहितीपत्रिका नव्याने लिहून ठेवा.